मोठा मासा सोडताना: पोहत गेला म्हणजे वाचला का?

डोहकाठ

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो.

संध्याकाळच्या वेळी एक महसीर लागला, बारा-तेरा किलोचा असावा. माझ्याकडे हलकी लाइन आणि मऊ रॉड. चाळीस मिनिटं झुंज चालली आणि खरं सांगतो, त्या चाळीस मिनिटांचा मला अभिमान वाटत होता. काठाला आला तेव्हा मासा कुशीवर कलंडलेला होता. मी तो उचलून खडकावर ठेवला. दिवसभर तापलेला, कोरडा खडक. पक्कड बॅगेच्या तळाशी होती, ती शोधण्यात वेळ गेला. मग फोटो. "अजून एक, डोळे मिटलेस." मग जबड्यात काटा अडकवून वजन. हे सगळं झाल्यावर पाण्यात नेऊन धरला, दोन-तीन मिनिटांनी त्याने शेपटी मारली आणि डोहात गेला. आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहाचं पाणी जिथून खाली उतरतं तिथे, दोन दगडांच्या मध्ये, तो पोट वर करून अडकलेला होता. तोच मासा. शेपटीच्या वरच्या पात्याला जुनी अर्धगोल खाच होती, फोटोत स्पष्ट दिसते. कुशीवर तळहाताएवढ्या जागेतले खवले गेलेले, खडकावर टेकली होती तीच बाजू.

मी खाली बसलो आणि आदल्या संध्याकाळचा एकेक मिनिट मोजला. पाण्याबाहेर तो किमान चार मिनिटं होता.

त्यानंतर मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं, हत्यारं बदलली. आता माझं मत असं झालंय की मासा वाचणार की मरणार याचा निम्मा निकाल गळ पाण्यात पडण्याआधीच लागलेला असतो. लाइन किती जाड, गळाचा बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, दाबलाय की नाही, जाळं कसलं, पक्कड कुठे, उतरायची जागा कुठली. मासा हातात आल्यावर विचार करायला वेळच नसतो.

सध्या मी काय करतो ते सांगतो. माशाच्या मानाने एक पायरी वरचीच लाइन आणि रॉड वापरतो, म्हणजे तो शुद्धीवर असताना काठाला येतो. एकच गळ, बार्ब पकडीने चेपून सपाट केलेला. जाळं रबराचं, बिनगाठीचं, तोंड मोठं. पक्कड छातीवर दोरीला. आणि मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवून गळ काढतो. त्याला माझ्याकडे आणायचं नाही, आपण गुडघाभर पाण्यात त्याच्याकडे जायचं. एवढा एक बदल केला तरी बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

तुमचे अनुभव लिहा. चुका झाल्या असतील तर त्याही लिहा.

संथवाहते

वाचून गलबललं. अशी गोष्ट जाहीरपणे लिहायला धीर लागतो. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

कल्लेतज्ज्ञ

डोहकाठ, तुमच्या माशाचं काय झालं असावं ते थोडं शरीरशास्त्राच्या बाजूने लिहितो. माझा अभ्यासाचा विषय हाच आहे.

माशाच्या अंगातलं बहुतेक मांस पांढरं असतं. हे स्नायू झटक्यासाठी बनलेले असतात, दीर्घ पल्ल्यासाठी नव्हे. जोरात पळताना ते प्राणवायूशिवाय ऊर्जा काढतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठत जातं. ही उधारी फेडायला तास लागतात. चाळीस मिनिटं लढलेला मासा काठाला येतो तेव्हा पुरता कर्जात असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला हवेत उचलतो.

हवेत काय होतं? कल्ल्यांमध्ये अतिशय पातळ पापुद्रे असतात, पाण्यात तरंगत असतात म्हणून ते सुटे राहतात. पाणी गेलं की भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. हवेत प्राणवायू भरपूर असूनही माशाला तो घेता येत नाही. दमलेल्या धावपटूचं नाक-तोंड दाबून धरावं तसा हा प्रकार.

१९९२ सालचा कॅनडातला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. इंद्रधनुषी ट्राउट माशांना टाकीत पळवून पुरतं दमवलं. नुसते दमवलेले होते त्यातले १२ टक्के बारा तासांत मेले. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के. ६० सेकंद ठेवलेले ७२ टक्के. प्रयोगशाळेतले मासे, त्यांच्या रक्तवाहिनीत नळ्या घातलेल्या, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या नदीला लावू नका. नदीत मृत्यू सहसा बरेच कमी होतात. पण ३० आणि ६० सेकंदांमधला फरक विसरू नका.

दुसरं, "पोहत गेला" याबद्दल. १९८३ साली ट्राउटवरच झालेल्या अभ्यासात दिसलं की अतिश्रमाने मेलेले बहुतेक मासे ४ ते ८ तासांनी मेले. अंगावर जखम नव्हती. संशोधकांचा कयास असा की स्नायूंच्या पेशींच्या आत साठलेलं आम्ल त्यांना भोवलं. तुमचा मासा संध्याकाळी गेला आणि सकाळी सापडला, हे त्याच्याशी जुळतं.

बांबूची_काठी

एका मुद्द्यावर असहमत. जाड लाइन लावून मासा ओढून काढायचा असेल तर मग खेळ कसला? हलक्या हत्यारांवर मोठा मासा आणणं हेच कसब. आमच्या आधीच्या पिढीने आम्हाला हेच शिकवलं. त्यांचे मासे काही मरत नव्हते.

डोहकाठ

@बांबूची_काठी, तुमच्या कसबाबद्दल आदर आहे, मीही त्याच शाळेतला. पण त्या पिढीतले बहुतेक मासे घरी जायचे, त्यामुळे सोडल्यावर काय होतं हा प्रश्नच उभा राहत नव्हता. आणि "मरत नव्हते" हे कुणी पाहिलं? माझा मासा दगडांत अडकला नसता तर मीही आज हेच म्हणालो असतो.

कल्लेतज्ज्ञ

यावर मस्की माशाचं उदाहरण बोलकं आहे. उत्तर अमेरिकेतला हा पाइकच्या कुळातला थोरला, एक मीटरच्या पुढे सहज जातो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गळाला लावून पकडलेल्या मस्कींपैकी ३० टक्के मेले. त्यानंतर तिथल्या मासेमारांनी स्वतःच पद्धत बदलली. भक्कम लाइन, मोठं जाळं, गळ कापायची कात्री, मासा पाण्यातच. २०११ सालच्या अभ्यासात रेडिओ ट्रान्समीटर लावून सोडलेल्या मस्कींवर नजर ठेवली, तर पकडण्यामुळे एकही मेला नाही.

मासा तोच. त्याला हाताळणारे हात बदलले.

बांबूची_काठी

३० वरून शून्य? हे मला ठाऊक नव्हतं. विचार करतो. एक शंका मात्र आहे, भक्कम लाइनने लवकर आणलेला मासा काठाला जास्त उसळतो, जाळ्यात आपटतो. त्याचं काय?

खोलपाणी

@बांबूची_काठी, शंका रास्त आहे. ताजा मासा उसळतोच. म्हणूनच जाळं मोठं हवं. मासा आत आला की जाळ्याचं तोंड पाण्यावर उभं धरायचं आणि अर्धा मिनिट काहीच करायचं नाही. हात घालायचा नाही, ओढायचं नाही. तो स्वतःच पाण्याच्या धारेकडे तोंड करून स्थिरावतो. कल्ल्यांची उघडझाप एका लयीत आली की गळाला हात घालायचा. हा अर्धा मिनिट बहुतेकांना जमत नाही, हात शिवशिवतात.

जाळ्याबद्दल आणखी एक. गाठींचं नायलॉन जाळं बुळबुळीत थर खरवडून काढतं आणि परांच्या कडा फाटतात. तो थर म्हणजे माशाचं चिलखत. तो गेला की पाण्यातली बुरशी त्या जागी बसते, कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते तेच. म्हणून हात लावण्याआधी हात भिजवायचे. कापडी हातमोजे नकोत.

नदीवेडी

मी बहुतेक कॅटफिश आणि कार्पच्या मागे असते, म्हणून माझा प्रश्न काठावरून पकडणाऱ्यांसाठी. दरवेळी पाण्यात उतरता येत नाही. उभा काठ, खाली खोल पाणी. मग मासा वर घ्यावाच लागतो. अशा वेळी मी जाड फोमची चटई वापरते, कडा उचललेली, पाळण्यासारखी. मासा येण्याआधी तिच्यावर बादलीभर पाणी ओतून ठेवते. उन्हात पडलेली काळी चटई हाताला चटका देते इतकी तापते, ते माशाच्या पोटाला लागतं हे आधी लक्षात यायचं नाही.

मासा चटईवर आला की डोळ्यांवर ओलं फडकं. बहुतेक मासे लगेच शांत होतात. मी गुडघ्यांवर बसूनच सगळं करते. उभं राहून पंधरा किलोचा मासा हातात घ्यायचाच नाही. निसटला तर तीन-चार फुटांवरून जमिनीवर आपटतो आणि आतली इजा बाहेरून दिसत नाही.

रानपाखरू

नवीन आहे, म्हणून विचारतो. गळ खोल गिळला असेल तर? परवा एकाचा काढता काढता खूप रक्त आलं. मला फार वाईट वाटलं.

खोलपाणी

खोल गेला असेल, म्हणजे तोंड उघडल्यावर गळाचा वाक दिसत नसेल, तर काढायच्या भानगडीत पडू नका. जमेल तितकी गळाजवळ लाइन कापा आणि सोडा. घशाच्या मागेच हृदय आणि कल्ल्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, ओढाताणीत त्या फाटतात. आत राहिलेला गळ बरेच मासे काही काळाने टाकून देतात किंवा तो गंजून मोडतो. स्टेनलेसचा गळ गंजत नाही, म्हणून तो वापरू नका.

पण खरा इलाज आधीचा आहे. जिवंत किंवा नैसर्गिक आमिष लावत असाल तर सर्कल हुक घ्या. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त जोरात झटका द्यायची सवय मोडावी लागते. लाइन ताठ होऊ द्यायची आणि सावकाश रील फिरवायला लागायचं. झटका दिलात तर सर्कल हुकचा उपयोग गेला.

डोहकाठ

@रानपाखरू, तीन-तीन टोकांचे गळ असलेले कृत्रिम मासे वापरत असाल तर तेही बदला. एक टोक जबड्यात आणि दुसरं डोळ्यात किंवा जाळ्यात, असं होतं. मी सगळ्यांचे काढून मागे एकेकच गळ ठेवलाय. लागणाऱ्या माशांत मला तरी फरक जाणवला नाही.

खवलेमोजणी

फोटो आणि वजन यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. जबड्यात ग्रिप, म्हणजे जबडा पकडायचा चिमटा, अडकवून मासा उभा लटकवलेले फोटो अजून सगळीकडे दिसतात. मासा पाण्यात जगतो, त्याचं वजन पाणी पेलतं. त्याच्या कण्याला आणि जबड्याखालच्या मांसल पट्टीला स्वतःचं अख्खं वजन टांगून घ्यायची सवय कधीच नसते. मोठा मासा असला की हे जास्तच. ऑस्ट्रेलियात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारामुंडी माशांना अशा ग्रिपने धरलं, तर तोंडाला इजा झालीच, उभं लटकवल्यावर जास्त झाली. जबड्याची ती पट्टी फाटली की मासा शिकार कशी धरणार? तो लगेच मरणार नाही, पण उपाशी राहू शकतो.

वजन हवंच असेल तर ओल्या झोळीत, आडवा. झोळीचं वजन आधी वजा करून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे वजन करूच नका, मोजा. लांबी सेंटीमीटरमध्ये, घेर सेंटीमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि २९,००० ने भागा. किलो येतात. १०० सेंमी लांब, ५० सेंमी घेर असेल तर साधारण ८.६ किलो. सगळ्या माशांना तंतोतंत लागू होत नाही, पण आठवणीपुरतं पुष्कळ झालं. आणि हे माप मासा पाण्यात असतानाच घेता येतं.

नदीवेडी

फोटोबद्दल आमच्या गटात एक नियम आहे. कॅमेरा धरणारा तयार आहे म्हणाल्याशिवाय मासा पाण्यातून उचलायचा नाही. आणि उचलणाऱ्याने उचलताना स्वतःचा श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा खाली. आपण दमलेलो नसतो, तो दमलेला असतो, हे लक्षात ठेवून मी त्याहून आधीच खाली ठेवते. एका हाताने शेपटीचा बुंधा, दुसरा हात छातीच्या परांखाली. बोटं कल्ल्यात कधीच नाहीत.

संथवाहते

उन्हाळ्यात काय करता? आमच्याकडे पाणी कमी होतं, तेव्हाच मासे डोहात गोळा होतात आणि तेव्हाच लागतातही.

कल्लेतज्ज्ञ

@संथवाहते, नेमका कळीचा प्रश्न. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची गरज वाढलेली असते. म्हणजे उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला. संथ डोहात पहाटेच्या आधी तर प्राणवायू तळाला जातो, कारण रात्रभर शेवाळही तोच वापरत असतं.

प्रत्येक जातीची सोसण्याची हद्द वेगळी. थंड पाण्यातल्या ट्राउटला २० अंशांच्या पुढेच त्रास व्हायला लागतो. मस्कीच्या मागे असलेले पुष्कळ जण पाणी २७ अंशांच्या आसपास गेलं की रॉड गुंडाळून ठेवतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आटलेल्या डोहात गोळा झालेल्या मोठ्या माशांना हातच लावू नये. ते तिथे जीव मुठीत धरून असतात. एक साधा तापमापक दोरीला बांधून सोबत ठेवा.

संथवाहते

पटलं. आम्ही तेच महिने सगळ्यात चांगले मानत आलो. घरच्यांशी बोलते.

रानपाखरू

सोडताना मासा पुढे-मागे हलवायचा असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

कल्लेतज्ज्ञ

पुढे-मागे नको. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर असं एकाच दिशेने जायला हवं. मागे ओढलं की उलटं पाणी जातं, त्याचा उपयोग नाही. वाहतं पाणी असेल तर तोंड प्रवाहाकडे करून हलक्या हाताने आधार द्या. प्रवाह मध्यम हवा. खळाळात धरला तर त्याला तोल सांभाळण्यातच शक्ती घालवावी लागते. संथ पाणी असेल तर पुढेच चालत राहा.

सोडायचा कधी? यासाठी संशोधक काही साध्या प्रतिक्षेप चाचण्या वापरतात, त्या कुणालाही जमतात. शेपटी हलकेच चिमटीत धरली तर तो निसटायला बघतो का? पाण्यातच पोट वर केला तर तीन सेकंदांत सरळ होतो का? कल्ल्यांची झाकणं नियमित हलतात का? आणि मला सगळ्यात आवडणारी चाचणी डोळ्याची. मासा पाण्यात धरून त्याच्या लांबीच्या अक्षावर हळूच कुशीकडे फिरवा. शुद्धीत असलेल्या माशाचा डोळा फिरत नाही, शरीर वळलं तरी बुबुळ आडवी पातळी धरून राहतं, जणू डोळा खोबणीत उलटा फिरतोय. फार दमलेल्या माशाचा डोळा शरीरासोबत तसाच वळतो, बाहुलीच्या डोळ्यासारखा. तसं दिसलं तर सोडू नका, आणखी आधार द्या. २०१६ साली कावेरीतल्या निळ्या परांच्या महसीरवर जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यातही अशाच चाचण्या होत्या.

डोहकाठ

डोळ्याची चाचणी मला माहीत नव्हती. त्या संध्याकाळचा व्हिडिओ आत्ता पुन्हा पाहिला. मी त्याला पाण्यात कुशीवरून सरळ करतोय आणि डोळा शरीरासोबत वळतोय. स्पष्ट दिसतं.

खोलपाणी

डोहकाठ, स्वतःला दोष देत बसू नका. तुम्ही हे लिहिलंत म्हणून इथे किती जण शिकले बघा.

एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण नवे लोक सगळ्या माशांना एकच नियम लावतात. मरळ, मोठे स्नेकहेड आणि ॲमेझॉनचा अरापाइमा हे हवेतून श्वास घेतात. अरापाइमाला दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. त्याला "पाण्यातच ठेवा" म्हणून तोंड बुडवून धरला तर तो गुदमरतो, पाण्यात बुडून मरतो. अशा माशाने वर येऊन नीट एक घोट हवा घेतली की मगच हात काढायचा.

बांबूची_काठी

दोन आठवड्यांनी लिहितोय. लाइन बदलली, बार्ब चेपले, रबराचं जाळं घेतलं. काल एक महसीर आला, अकरा मिनिटांत. पूर्वी याच मापाच्या माशाला मला अर्धा तास लागला असता. जाळ्यात खूप उसळला. खोलपाणी म्हणाले तसा थांबलो, स्थिरावला. बार्ब नसल्यामुळे गळ नुसता बोटाने मागे ढकलला आणि निघाला, पक्कड लागलीच नाही. लांबी ९४, घेर ४८, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास. डोळा बघितला. मी मासा वळवत होतो आणि तो बुबुळ तसंच आडवं धरून माझ्याकडे पाहत होता. इतकी वर्षं मासे धरतोय, हे कधी पाहिलंच नव्हतं.

फोटो काढला नाही. हात काढायच्या आधीच गेला, पाणी तोंडावर उडवून.

खवलेमोजणी

फार छान! घेर कुठे मोजलात? पाठीवरचा पर सुरू होतो तिथेच फीत हवी, मागे सरकली तर दोन-तीन सेंटीमीटर कमी येतात.

बांबूची_काठी

पराच्या अगदी पुढे. फितीऐवजी लाइनचाच तुकडा गुंडाळला आणि नंतर काठावर येऊन मोजला, म्हणजे फीत शोधण्यात वेळ जात नाही. पुढच्या वेळी झुंजीच्या आधी पाण्याचं तापमानही लिहून ठेवणार आहे.